फळ्यावरची उत्तरं

माझी मुलगी चौथीत आहे. ही याच वर्षीची गोष्ट. आमचं गाव शहागडजवळ, हायवेला लागून. नवऱ्याचं तिथंच टायरचं दुकान. मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. मीही तसल्याच शाळेत शिकून बी.ए. झाले, त्यामुळे इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज दारावरून जायची तरी माझा जीव कधी तिच्यात अडकला नाही.

त्या दिवशी ती चाचणी देऊन आली. मराठीच्या पेपरात ‘आमची नदी’ यावर चार ओळी लिहायच्या होत्या. गोदावरी आमच्या शेताच्या पलीकडेच. मी कौतुकानं विचारलं, “काय लिहिलंस गं?”

“आधी लिहिलं होतं, नदीत वाळूचे टिप्पर उतरतेत आन् पाणी गढूळ व्हतं. मंग खोडलं.”

“का?”

“सरांनी फळ्यावर लिहून दिलं ना. ‘नदी आपली माता आहे.’ सगळ्यायनं तेच लिहिलं. सर म्हणले, तुझं पूस, फळ्यावरचं बराबर उतरव.”

ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगत होती. मला शिसारी आली ती त्या सहजपणाची.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसलेली, पोरं पाढे ओरडत होती. सर दाराशी उभे राहून खिचडीच्या पातेल्याचा फोटो मोबाईलवरून पाठवत होते. फोटो जाईपर्यंत मला थांबावं लागलं.

“सर, परीक्षेत उत्तरं तुम्हीच लिहून देता?”

त्यांनी लपवलं नाही. “न्हाई दिली तर अर्धी लेकरं कोरा कागद देतेत, ताई. निकाल खाली गेला की बोलणी मला बसतेत. तुमच्या पोरीला तर पैकीच्या पैकी पडले. तिचं नुकसान काय झालं?”

“तिला तिचं लिहिता येत होतं.”

“टिप्परचं लिहिलं होतं तिनं,” सर हसले. “असलं वर दाखवू का मी?”

त्यांच्या बोटांना अजून फळ्यावरचा खडू लागलेला होता. तशीच परत फिरले आणि दुकानात जाऊन नवऱ्याला सांगितलं, “उद्यापासून ती शाळेत जाणार नाही. मी घरी शिकवीन.”

“घरी म्हंजी? मंग तिच्या दाखल्याचं काय?” तो टायरवरून हात न काढताच म्हणाला. माझ्या तोंडाकडे बघून मऊ झाला. “ठेव थोडे दिवस. राग उतरला की बोलू.”

मी ओसरीवर सतरंजी टाकली. गणितं तिनं भराभर सोडवली. मग मी कोरा कागद पुढे ठेवला. “आता तुला वाटेल ते लिही. कशावरही.”

ती पेन्सिल धरून बसली. “मम्मी, तू आधी सांग ना. मंग मी लिहिते.”

“तुझं तू लिही.”

“आन् चुकलं तर?”

टिप्पर बघून स्वतःहून लिहिणारी हीच मुलगी. चार वर्षांत तिला काय शिकवलं होतं, ते त्या ओसरीवर मला दिसलं. त्या शिकवण्याची किळस येऊन मी उठले आणि भांडी घासायला गेले. बऱ्याच वेळानं तिनं कागद आणून दिला. लिहिलं होतं, ‘मला घरी करमत न्हाई. पोरी आता लंगडी खेळत आसतील.’

शब्द चुकले होते, पण एकही उसना नव्हता. अजून काही दिवस मी हट्टानं ताणलं. शाळा भरायच्या वेळी ती दारात जाऊन उभी राहायची. शेवटी मीच तिची वेणी घालून तिला पोहोचवून आले.

पुढच्या चाचणीला मात्र मी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. सरांनी मला बघितलं आणि हातातला खडू टेबलावर ठेवला. पेपर वाटून झाले. माझी मुलगी खाली मान घालून लिहायला लागली. बाकीची बरीचशी पोरं पेन हातात धरून नुसती बसली, फळ्याकडे बघत. दाराजवळची एक मुलगी शेवटी माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही कव्हा जाणार?”

मला तिथं उभं राहवेना. मी निघाले.

संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, “तू गेल्यावर सरांनी दिलं ना लिहून.”

“आणि तू?”

“मी माझा पेपर आधीच देऊन टाकला होता.”

एवढं बोलून ती खेळायला पळाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे ती पेन धरून वाट बघणारी पोरं होती, आणि त्यांना घरी ठेवून शिकवणारं कुणीच नव्हतं. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलीला कुठं घालायचं, का घरीच शिकवायचं, यावर आमचं घरात अजून भांडण चालू आहे.