थप्पीच्या मागची खोकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

माझी उमर साखरेच्या गोदामात गेली. बँकेकडे तारण ठेवलेली पोती मोजायची. थप्पीची पुढची बाजू मोजायची, मागच्या रांगांनी गुणायचं, सही करायची. आतलं पोतं कोण उपसून बघतो?

मग कसबा बावड्यातल्या एका शेडचं काम आलं. तिथं तारण होतं ते महागड्या संगणक-यंत्रांचं — एकेक यंत्र पत्र्याच्या खोक्यात बसवलेलं, खोक्यांची थप्पी. कुठकुठले लोक मोबाइलवरून पैसे घालणार, बदल्यात त्यांना टोकन मिळणार — टोकन म्हणजे त्या कर्जातला वाटा. जमलेली रक्कम यंत्रांच्या मालकाला कर्ज म्हणून जाणार. यंत्रं भाड्यानं चालणार, भाड्यातून प्रत्येकाला व्याज. अट एकच — यंत्रं जागेवर आहेत, हे कुणीतरी बघून कळवायचं. तो कुणीतरी मी.

तपासणी करून मी थेट सलीमकडे गेलो. सलीम माझा शाळेपासूनचा मित्र, चपला शिवतो. दुकानाचा गाळा घ्यायला साठवलेले पैसे त्याला यात घालायचे होते.

"मर्दा, उघडून बघितलंयस न्हवं?"

"व्हय की."

"मग झालं. तुझ्या डोळ्यावर माझा गाळा."

त्यानं पैसे घातले. यंत्रं जागेवर आहेत, असं कळवायला मी फोनवर अंगठा टेकवला — आणि बंधाऱ्याचे बरगे काढल्यावर पाणी सुटावं तसा अडलेला सगळा पैसा सुटला. ज्या देशांची नावं आम्हाला धड घेता येत नाहीत, तिथला पैसा! चहा निवायच्या आत. आवाज नाही, कागद नाही. अंगावर काटा आला. अजूनही येतो.

"आयला," सलीम पडद्यात डोकं घालून म्हणाला, "ह्यातलं माझं कंचं?"

काही महिने व्याज आलं. मग थांबलं. शेड उघडली तेव्हा पुढच्या रांगेत यंत्रं होती, मागची खोकी रिकामी.

सलीमनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बघितलास तवा भरली असणार. मागनं उचलली त्येंनी. तुलाबी फसवलं की रं."

मी मान डोलावली.

एकही खोकं मी उघडलं नव्हतं. उघडून आतलं मला ओळखता आलं नसतं, आणि ते शेडवर कामाला असलेल्या पोरांना कळू द्यायचं नव्हतं. पण मागचं एखादं नुसतं उचललं असतं तर? वजनानंच कळलं असतं. पोत्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला — वजन कळतं.

सलीम अजून घराच्या उंबऱ्यात बसूनच शिवतो. परवा माझ्या चपलेचा अंगठा त्यानं शिवून दिला. पैसे घेतले नाहीत.