उखर्डूनानांची एकेचाळीस मिनिटं

उखर्डूनानांना मीच त्या कामात ओढलं. हेमलता माझी धुळ्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. चित्रकला शिकून ती जर्मनीला गेली, तिथेच राहिली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नरडाण्याला माझ्या घरी आली आणि म्हणाली, "सर, मला एक म्हातारा माणूस हवाय. चेहरा बोलका पाहिजे."

मी शेजारच्या नानांना हाक मारली. रेल्वेत चौतीस वर्षं गेटमन होते. बायको, प्रमिलाबाई, तरुणपणीच साप चावून गेली, एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं. मुलगा कुंदन सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. नाना एकटेच राहायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि बोलायचे अगदी कमी.

हेमलताने त्यांना समजावलं, "नाना, तिकडच्या लोकांना भारत म्हटलं की गारुडी, हत्ती आणि अगरबत्तीच दिसते. मी दोन खोल्या करणार आहे. पहिलीत त्यांच्या मनातला भारत, म्हणजे तुम्ही पागोटं बांधून पुंगी वाजवताय. पडदा सारून पुढे गेलं की दुसरी खोली. तिथे तुम्हीच, तुमच्या शर्टात, तुमच्या खाटेवर, तुमचं खरं काय ते सांगताय. मग त्यांना त्यांचीच लाज वाटेल."

नाना हसले. पण तिने पिशवीतून रबराचा नाग काढला तेव्हा त्यांचा पुढे केलेला हात मागे गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी थोडा वेळ तो नाग नुसता पाहिला आणि मग विचारलं, "दुसरी खोलीमा मी काय बी सांगू शकस?"

"काहीही."

"मंग आन इकडे."

पहिल्या दिवशी ते उघड्या अंगाने पुंगी घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालून खाटेवर बसले आणि एकेचाळीस मिनिटं अहिराणीत बोलले. हेमलता कॅमेऱ्यामागे रडत होती. ते सगळं मराठीत उतरवून द्यायचं काम माझं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. माझ्याजवळच्या प्रतीचे अकरा कागद झाले.

कापूस वेचताना प्रमिलाबाईला नाग चावला, तेव्हा नाना फाटकावर ड्युटीला होते. गावातल्या लोकांनी तिला जीपमध्ये घालून धुळ्याकडे काढलं. जीप फाटकाशी आली तेव्हा फाटक नुकतंच बंद झालं होतं. मालगाडीला सिग्नल गेलेला. एकदा सिग्नल गेला की गाडी निघून जाईपर्यंत फाटकाची चावी यंत्रातून सुटत नाही. यंत्र फोडलं तर चावी निघाली असती, पण गाडी किती लांब आहे ते दिसत नव्हतं. जीपमधले लोक ओरडत होते. नाना जीपकडे पाठ करून रुळाकडे तोंड करून उभे राहिले. चौदा मिनिटं. धुळ्याच्या अलीकडेच ती गेली.

यंत्राशेजारी लोखंडी पहार होती, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी कॅमेऱ्यात बघून त्यांनी विचारलं, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं: "तुम्ही ऱ्हातात तं काय करतात?" आणि उत्तराची वाट पाहावी तसे बराच वेळ गप्प बसले. हेमलताने ती शांतताही ठेवली होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. प्रदर्शन लागलं, असं तिने कळवलं. आठ-दहा दिवसांनी नाना अंगणात येऊन विचारायचे, "मास्तर, हेमलता पोरनं काही पत्र?" मी नाही म्हटलं की मान हलवून परत जायचे. एकदा कुंदनने माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला, कुणीतरी त्याला दाखवलेला. परक्या शहरातल्या भिंतीवर मोठं पोस्टर, त्यावर पागोटं घातलेले, पुंगी फुगवणारे नाना. खाली कुंदनने लिहिलं होतं, 'नाना, हे काय केलंत?' नाना मला म्हणाले, "त्याले सांगा, दुसरी खोली बी शे."

पुढच्या दिवाळीत हेमलता आली. नानांसमोर खाली बसली. त्यांनी थेट विचारलं, "बठ्ठं कोनी आयकं का? पुरं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती खोटं बोलली नाही. "लोक पहिल्या खोलीत फोटो काढायचे, नाना. खूप हसायचे, खूप आवडायचं त्यांना. पडद्याच्या आत थोडेच यायचे. दोन-चार मिनिटं बसायचे. दुसऱ्या शहरात जागा लहान होती, तिथल्या लोकांनी आतली खोली लावलीच नाही. मी भांडले..."

"एक जनबी नही?"

"शेवटपर्यंत नाही, नाना."

नाना उठले. आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आले. "तू रडू नको," म्हणाले. ती म्हणत होती, मी ते काम बंद करते, नुसती तुमचीच फिल्म लावते. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. "नाना, मी सगळं ऐकलंय. मी असतो तर..."

त्यांनी मला थांबवलं. "तुम्ही वळखीना शेतस, मास्तर. तुम्हनं उत्तर मनाकरता गोडच राही." मग मी उतरवलेल्या कागदांबद्दल म्हणाले, "कुंदनले कागद देवाना व्हयी तं मी मरी गयावर द्या. आते नही."

त्यानंतर ते अंगणात आले नाहीत असं नाही. यायचे, बसायचे. पण पत्राचं कधी विचारलं नाही, आणि इस्त्रीचा शर्टही सुटला. यंदा पौषात झोपेतच गेले.

दहाव्यानंतर कुंदन घर आवरत होता. मी त्याला ते अकरा कागद दिले. ओट्यावर बसून त्याने सगळे वाचले, शेवटचं पान दोनदा वाचलं.

"मास्तर, त्या जीपमध्ये मीपण होतो," तो म्हणाला. "सहा वर्षांचा. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी 'नाना, नाना' म्हणून ओरडत होतो. आई म्हणाली, ओरडू नको, गाडी जाऊ दे, त्यांना त्यांचं काम करू दे. मला वाटायचं हे सांगितलं तर नानांना लागेल. म्हणून कधी बोललोच नाही."

त्याने कागदांवर बोट ठेवलं.

"हे शेवटी कुणाला विचारलंय त्यांनी?"

"तिकडच्या लोकांना."

"मला का नाही विचारलं?" तो म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.