अकरा मागण्या आणि दत्तारामच्या पायऱ्या

दत्ताराम परब गेला, ही बातमी मला कंपनीतल्या फोनवर कळली. त्याची मुलगी बोलत होती. "काका, बाबांना खुर्चीत बसवून खाली आणलं, पण उशीर झाला..." ॲम्ब्युलन्स खाली रस्त्यावर उभी, आणि मुलुंडच्या आमच्या टेकडीवर धड पायऱ्याही नाहीत. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, संताप आला. महिना होत आला, अजून तो उतरलेला नाही.

काही वर्षांपूर्वी त्याच्या गिरणीचा संप चिघळला आणि दत्ताराम घरी बसला. घरी बसतोय कसला! वस्तीची समिती काढली त्यानं. माझं अक्षर बरं, म्हणून वॉर्ड ऑफिसचे अर्ज लिहायची शिक्षा मला. पहिल्याच अर्जात अकरा मागण्या. वरच्या आळीला नळ, टेकडीला पायऱ्या, दिवे, संडासांना दारं, गणपतीला जागा, सूचनाफलक... मी म्हटलं, "अरे, दोन-चार गाळ ना!" तर म्हणतो, "कोणाची गाळू? माका सांग." युनियनमध्ये मुरलेला माणूस, कोणाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. मागण्या अंशतः मान्य. म्हणजे काय, तर दिव्याचे दोन खांब आणि एक सूचनाफलक! फाइल बंद. बायका त्या फलकाखालूनच हंडे घेऊन टेकडी चढायच्या.

त्याच वेळी खालच्या बाजारातल्या मूठभर दुकानदारांनी दारासमोरची कचरापेटी हलवून घेतली. आमच्यासारखा मोर्चा नाही, घोषणा नाही. त्यांच्यातले दोघे दर सोमवारी वॉर्ड ऑफिसातल्या एकाच टेबलाशी जायचे आणि तेवढंच विचारायचे, "साहेब, आमच्या पेटीचं काय?" पेटी हलली, तीही आमच्या टेकडीच्या तोंडाशी! मी दत्तारामवर उखडलोच. "बघ, एकच गोष्ट मागतात आणि पिच्छा सोडत नाहीत. आपण घसा बसेपर्यंत ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी गायब."

दोन दिवसांनी तो आला नि म्हणाला, "लिही. फक्त नळ."

"आणि पायऱ्या?" त्याच्या बायकोचा त्याच उतारावर पडून पाय मोडला होता, म्हणून विचारलं.

"त्यांचा मगे बघूया."

मग तो आणि शेजारच्या कांबळेवहिनी दर सोमवारी वॉर्ड ऑफिसात बसू लागले. वर्षभरात नळ आला. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले आणि समिती विसरून गेलो. "पायऱ्यांसाठी सोमवारी येतंस?" त्यानं दोन-तीनदा विचारलं. मी ओव्हरटाइम सांगितला. वहिनींना काम लागलं. बाकीच्यांच्या नळाला पाणी होतं, त्यांना कसली घाई!

शोकसभेत मात्र सगळ्यांना कंठ फुटला. पायऱ्यांचा अर्ज करायचा ठरलं, तर एक म्हणे चौकाला दत्तारामचं नाव द्या, दुसरा म्हणे आणखी एक नळ पण घाला. "गप्प बसा रे!" मी ओरडलो. लगेचच्या सोमवारी रजा टाकून मी आणि वहिनी एका ओळीचा अर्ज घेऊन गेलो.

कारकुनानं तो वाचला. "पायऱ्या? परब नाही आले आज?"

मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"दर सोमवारी यायचे हो, एकटेच. मी म्हणायचो, एकट्याचं कोण ऐकणार, चार माणसं आणा. तर म्हणायचे, येतील, सध्या कामात आहेत..."