नागपूरहून निघालेला दोर

बांधकामावर दोन गोष्टींचा ढीग कधी लागला ते समजत नाही. एक सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा, दुसरा किश्श्यांचा. पोती तरी कोणी उचलून नेतं. किस्से माझ्यापाशीच राहिले, कारण आमगावजवळच्या त्या पुलावर हजेरीबाबू मीच होतो आणि ऑफिसच्या कपाटाची किल्लीही माझ्याच कमरेला होती.

*

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मजुरांच्या सुरक्षेचे नियम लागू झाले, त्यांचा एक बोर्ड नागपूरहून आला. सगळा इंग्रजीत.

आमच्या ठेकेदार शेठनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बोर्ड आपल्या गादीच्या मागं टांगला. मी म्हटलं, "शेठजी, मजुरांना दिसेल असा लावा ना."

"उनको पढना आता है क्या?"

"तुम्हाला तरी कुठं येतं?"

"इसलिये तो पीछे लगाया," शेठ म्हणाला.

*

मग डोक्यावर घालायचे टोप आले. लढाईतले, लोखंडी, लिलावात घेतलेले. मजूर चाळीस आणि टोप सहा. तेही कपाटात, कारण शेठचं म्हणणं, पहनने से खराब होते है.

नागपूरचे सरकारी साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर सहा जणांना टोप घातले आणि चौतीस जणांना पळसाच्या जंगलात बसवून ठेवलं. साहेबांनी विचारलं, "एवढ्या पुलावर सहाच माणसं?"

"साहब, सेफ्टी हो तो कम आदमी में काम हो जाता है."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. चौतीस जण दिवसभर चारं, म्हणजे चारोळीची फळं, खात बसले होते, त्यांना तो नियम फार आवडला.

*

परांची बांधायला आमच्याकडे झिंगरू होता, चिचगडकडचा. बांबू नुसता ठोकून सांगायचा, हा चालेल, हा नाही. त्यांच्यात एक रीत पक्की होती. परांची ज्यानं बांधली, पहिला पाय त्याचा. तो वर नाचून खाली उतरला की मगच दुसरे चढायचे. बोर्डावरचे सगळे नियम मिळून या एका रितीला पुरे पडले नसते.

झिंगरूची बायको पारबता तिथंच गिट्टीची घमेली वाहायची. दिवस गेले होते तिला. नवरा दोन माणूस उंचीवर, कमरेला बांधायला दोर नाही, हे तिला सहन होत नव्हतं. रोज सकाळी हजेरी देताना विचारायची, "बाबूजी, दोर आला का जी?"

"नागपूरहून निघून राहिला," मी सांगायचो.

दोर केव्हाच आला होता. नवाकोरा, कपाटात, टोपांच्या खाली. साहेबांना दाखवायचा म्हणून ठेवलेला. नोकरी शेठची होती, मी खोटं बोललो. तीन महिने रोज बोललो.

*

एक दिवस झिंगरूच्या अंगठ्यावर दगड पडला. औषधाची पेटी होती, लाल फुलीची. तिची किल्ली शेठ कोणालाच देत नसे आणि शेठ गेला होता तिरोड्याला लग्नात.

पारबतानं हळद भरून लुगड्याची चिंधी बांधली. संध्याकाळी शेठ आला, पेटीपाशी गेला, अंगठा पाहिला. म्हणाला, "हो तो गया. अब काहे को खोलना?"

*

अंगठा सुजला, झिंगरूला गाठ मारता येईना. काम तर थांबायला नको. शेठनं स्वतः उभं राहून गाडीवानाकडून परांची बांधून घेतली, जुन्या कुजक्या दोराचे तुकडे जोडून.

आणि दुसऱ्याच सकाळी साहेब न कळवता आले.

"परांची मजबूत आहे ना?"

"मैंने खुद बंधवाई है, साहब," शेठ छाती फुगवून म्हणाला. "झिंगरू, चढ के दिखा."

झिंगरू जागचा हलला नाही. पारबता घमेलं खाली ठेवून उभी राहिली.

"काऊन रे, चढत काऊन नाही?" मी विचारलं.

"आमची रीत हाये जी. बांधनाऱ्याचा पयला पाय. मी नाही बांधली, शेठनं बांधली."

साहेबांनी शेठकडे पाहिलं. "बरोबर आहे. शेठजी, चढा आपण."

शेठनं जोडे काढले. एक बांबू धरून पाहिला, तो करकरला. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

"बाबू, टोप लाव."

मी टोप आणला.

"और वो कपाटवाला नया दोर निकाल, जल्दी."

मी कपाट उघडलं. दोर आणून शेठच्या कमरेला बांधला, दुसरं टोक पुलाच्या खांबाला.

पारबता जवळ आली. तिनं शेठकडे पाहिलंही नाही. दोर बोटानं चाचपून पाहिला आणि मला म्हणाली,

"आला जी बाबूजी, दोर."