मामाची गाडी आन् सात फुटांची मोरी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातनं चहा आला आन् त्याचं खापर बी माझ्यावरच फुटलं. तवा कप खाली ठेवा, आन् हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या.

मी न्हावऱ्याचा. सणसवाडीच्या कंपन्यांना कामगारांसाठी बसगाड्या पुरवायचा आपला धंदा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना गाड्या पुरवल्या आन् शेवटी स्वतःसाठी एक घेतली. मोठी, काळीभोर. आत बसलं की बाहेरचा हॉर्न ऐकू येत न्हाई, उन्हाळ्यात सीट थंड होते, वर काचेचं छत, बटण दाबलं की उघडतं. आता शहाण्या माणसानं येवढ्यावर थांबावं की न्हाई? मी सीटकव्हर बघायला म्हणून ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो.

तिथल्या सेल्समननं विचारलं, सर, ऑफ-रोडिंग करता का? मी म्हणलं, आमच्या वस्तीचा रस्ता बघितलाय का कधी? खरं सांगू? वस्तीपर्यंत गुळगुळीत डांबरी हाय. मीच ग्रामपंचायतीच्या मागं लागून करून घेतलीय. पण तो इतक्या आदरानं बघत होता की डांबरी म्हणायला जीभच वळली न्हाई.

झालं! पुढं विंच बसलं, म्हंजी गाडी रुतली तर झाडाला दोर बांधून स्वतःलाच ओढून काढायचं यंत्र. बाजूनं छतापर्यंत काळं नळकांडं. ट्रॅक्टरनं लाजावं असले टायर. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर दोन फावडी, डिझेलचा कॅन, वाळूत टाकायच्या फळ्या आन् एक घडीचा तंबू. मागं चढायला शिडी.

मंगलनं, म्हंजी आमच्या मंडळींनी, गाडीला एक फेरी मारली. हे नळकांडं कशाला, म्हणली. मी सांगितलं, गाडी पाण्यात बुडाली तरी इंजिनाला श्वास घेता येतो.

"आन् आतल्या माणसांना?"

ह्याचं उत्तर त्या सेल्समननं दिलं नव्हतं. "नाकापेक्षा मोती जड," येवढं बोलून ती आत गेली. मला राग आला. मी लगेच रागावतो, ते तुम्हाला म्हाईतच हाय.

पुढच्याच महिन्यात भाचीचं लग्न निघालं. कोमल, माझ्या थोरल्या बहिणीची पोरगी. मी तिचा एकुलता एक सख्खा मामा. आमच्यात मामानं नवरीला उचलून बोहल्यावर आणायचं, तिचे पाय जमिनीला टेकू द्यायचे न्हाईत. आन् माझे गुडघे असे की डॉक्टरनं पाण्याची घागर बी उचलू नका म्हणून सांगितलेलं. ताई जरा चाचरतच म्हणली, की यंदा तुझ्याऐवजी आपल्या चुलतभावानं उचलली तर?

चुलतभावानं! ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तिला बोहल्यावर नेणार चुलतभाऊ? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी बजावलं, पार्लरपासून कार्यालयाच्या दारापर्यंत कोमल माझ्या गाडीत येईल, आन् दारापासून बोहल्यापर्यंत माझ्या हातांवर. चुलतभावाला पंगतीत भात वाढू दे.

"कसं बी आण, पण मुहूर्त चुकवू नको," ताई म्हणली. मुहूर्त बारा पस्तीसचा.

लग्न दौंडला. पार्लर रेल्वेलाईनच्या एका अंगाला, कार्यालय दुसऱ्या अंगाला. मधी एक बारकी मोरी, म्हंजी रुळाखालनं जाणारा एका गाडीपुरता बोगदा. मोरी संपली की कार्यालय हाकेच्या अंतरावर. दुसरा रस्ता फाटकावरनं, लांबचा वळसा.

बारा वाजता मी कोमलला घेऊन मोरीपाशी आलो. तिथं पिंढरीभर पाणी साचलेलं, काळं, गटाराचं. दोन मोटारसायकलवाले बघून माघारी फिरले.

तुम्हाला काय वाटलं, मी बी फिरलो? अहो, मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! त्या नळकांड्याला पहिल्यांदाच पाणी दिसत होतं. कोमल म्हणली, मामा, फाटकावरनं जाऊ. नवरदेव आत्ताच ह्याच मोरीतनं मारुतीच्या दर्शनाला गेलाय, साध्या बारक्या गाडीतनं, तिथं शौर्य दाखवण्यासारखं काय न्हाई. मी ऐकतोय व्हय? मोरीच्या तोंडाशी पाटी होती, उंची सात फूट. गाडीची उंची मला पुस्तकातली तोंडपाठ, सव्वासहा फूट. घातली आत.

पाण्याचं काय सुदिक वाटलं न्हाई. लोण्यातनं सुरी जावी तशी गाडी निम्म्यात गेली. आन् मग वरनं असा आवाज आला, की मला वाटलं रेल्वेच अंगावर पडली.

पुस्तकात सव्वासहा फूट होतं हो. पण पुस्तकात तंबू नव्हता, फावडी नव्हती, कॅरिअर नव्हतं! वरचा दीड फुटाचा संसार मी धरलाच न्हवता. पुढं रेस केली, गाडी आणखी घट्ट बसली. मागं घेतली, तर शिडी मोरीच्या लोखंडी पट्टीत अडकली. दार उघडलं, भिंतीला लागून अर्धंच उघडलं. वरच्या काचेतनं निघावं, तर काचेवर कॅरिअर. स्वतःला ओढणारं विंच होतं, पण मोरीत झाड कुठनं आणू?

एक धोतरवाले आप्पा मोपेड बाहेर लावून आत डोकावले. म्हणले, पावणं, टायरातली हवा सोडा, गाडी खाली बसंल आन् सुटंल. मी भडकलो. येवढ्या भारी टायरातली हवा सोडू? त्यांनी खांदे उडवले आन् गेले. संध्याकाळी गाडी अगदी तश्शीच निघाली, हवा सोडून, पण ते आत्ता नको.

बारा वाजून दहा मिनिटं झाली. मुहूर्त माझ्यामुळं चुकणार, आन् ताई जन्मभर तोंड बघणार न्हाई, हे मला दिसायलाच लागलं. मागं कोमल शालू आवरून शांत बसलेली. ही पोरगी लहानपणापासनं कमी बोलते.

"मामा, उचलता का?" ती म्हणली. "का चुलतमामाला फोन लावू?"

मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरलो आन् अर्ध्या दारातनं तिला शालूसकट दोन्ही हातांवर घेतली. गुडघे कडकड वाजत होते, पाठीत कळ येत होती. पण माझ्या गळ्यात हात टाकून ती हळूच म्हणली, जत्रेची आठवण आली. मग मी थांबलोच न्हाई. मोरी, रस्ता, कार्यालयाचं दार, थेट बोहल्याशेजारच्या खुर्चीपर्यंत. पाय कुठं बी टेकू दिला न्हाई. बारा वाजून वीस!

सगळा मांडव उठून उभा राहिला. ताई रडायला लागली. नवरदेवाचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणले, आजकाल कोण मामा येवढं करतो? गटाराच्या पाण्यातनं, अनवाणी, भाचीला हातावर आणली. असा मामा तालुक्यात न्हाई.

मी मान खाली घातली, नम्रतेनं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं गाडी न्हाई का, मामा?"

आता काय बोलावं? येवढं कौतुक चाललेलं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "न्हाई, आबा. आपली साधी माणसं."

मंगलनं माझ्याकडं असं बघितलं की बस. आन् तेवढ्यात माईक खरखरला. सूचना हाय, म्हणे. टपावर शिडी आन् फावडी असलेली काळी गाडी मोरीत अडकली हाय. मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव पलीकडं खोळंबले हायत. गाडी ज्यांची असेल त्यांनी त्वरित काढावी.

पायाखालची जमीन सरकणं म्हंजी काय, ते मला तवा कळलं. नवरी आणली, पण नवरदेवाची वाट मीच बंद करून आलो होतो! आबा कडाडले, कुठल्या गाढवाची गाडी हाय ती?

कोमलनं मुंडावळ्या नीट केल्या आन् तितक्याच शांतपणानं म्हणली, "मामांची."

आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या दुमडलेल्या पँटीकडं बघितलं. फाटकावरनं वळसा घालायला आता वेळ न्हवता. मारुतीला जाऊन आलेला नवरदेव गटाराच्या पाण्यात पाय घालणार न्हाई, हे त्यांनी ठणकावून सांगितलं, आन् त्याचा स्वतःचा मामा काठी टेकत चालणारा.

"मग आता तुम्हीच आणा," आबा म्हणले.

गेलो. करतो काय? नवरदेव कुरकुंभच्या कंपनीत इंजिनिअर, रोज जिमला जाणारा, कोमलच्या दुप्पट वजनाचा. त्याला पाठुंगळीला घेऊन माझ्याच गाडीच्या कडेनं पाण्यातनं निघालो. तो गडी बिचारा भला. नळकांडं बघितलं, विंच बघितलं, टायर बघितले. मग माझ्या कानाशी तोंड आणून अदबीनं विचारलं, "मामा, येवढी तयारी केलीय, तर गाडीची चारी चाकं ओढत असतील ना?"

आता जावयाशी खोटं कसं बोलायचं? एक खोटं आधीच अंगाशी आलेलं.

"न्हाई, जावईबापू," मी म्हणलं. "दोनच ओढतात. चारवालीला वेटिंग होतं."

तो असा हसला, असा हादरून हसला, की माझा गुडघा सुटला आन् आम्ही दोघं बी त्या पाण्यात बसलो.

मुहूर्त साधला हो, मिनिट चुकलं न्हाई. फोटोत नवरी कोरडी ठणठणीत, नवरदेव कमरेपर्यंत ओला, आन् सगळं वऱ्हाड हातात अक्षता घेऊन बघतंय ते मागं निथळत उभ्या असलेल्या मामाकडं.