खालच्या झिऱ्याची ओवी

तुळशीराम तायडे गेल्याचं मला जळगाव जामोदच्या एस.टी. स्टँडवर कळलं. खामगावच्या गाडीसाठी उभा होतो. आमच्या जुन्या शाळेचा शिपाई समोर आला आणि नमस्कार करायच्या आधीच म्हणाला, "गुरुजी, तायडे मास्तर गेले ना... आज चौथा दिवस. कावीळ झालती. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?" नव्हतं सांगितलं. मला कोणी कळवावं असं आमच्यात काही उरलंच नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला. हे लिहायला बसताना एवढंच ठरवलं आहे, की स्वतःची बाजू घ्यायची नाही.

आम्ही एकाच गावचे. वरवट बकालपासून खाली, पूर्णेच्या काठावर आमचं गाव. आमचं घर जमीनजुमल्याचं, त्याचं घर बौद्धवाड्यात, शेवटून दुसरं. शाळेत एकत्र होतो, आणि महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांत दोघंही गावच्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो. त्या भागातल्या विहिरी खाऱ्या, भाजी शिजत नाही असं पाणी. गोड पाणी एकट्या पूर्णेचं, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा जीव. उन्हाळ्यात धार आटली की तिच्या वाळूत खड्डा करून पाणी काढायचं, त्याला झिरा म्हणतात. वरच्या अंगाला आमचा झिरा होता. खालच्या अंगाला, गुरं बसत आणि धुणी होत त्याच्या पलीकडे, त्यांचा.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तुळशीरामनं वही घातली. "बापू, बाया दळन गिरनीवर नेऊन राह्यल्या. जातं बंद झालं म्हंजे पूर्णेचे गाने बी गेले समज," तो म्हणाला. मग दर रविवारी एका सायकलवर आम्ही दोघं दोन्ही थड्यांची गावं हिंडू लागलो. पुष्कळ घरी त्याला अंगणाबाहेर लिंबाखाली बसावं लागे. बाई आत जात्यावर म्हणे, मी उंबऱ्यात उभा राहून ओळ मोठ्यानं सांगे, आणि तो मांडीवर वही ठेवून लिहून घेई. आमच्या घरीही तसंच झालं. माझी काकू म्हणाली:

पूर्णामाय आली, आली दोन्ही थड्या भरून
माह्या माहेराचा निरोप आनला लाटंवरून

ओवी ऐकून त्याचे डोळे भरले. "काय बाई हाय बे तुही काकू!" म्हणाला. हे तो ओट्याखाली बसून म्हणाला. वर ये, असं त्याला कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

त्याची आई मात्र काही केल्या गात नव्हती. दीक्षा घेतल्यावर त्यांच्या वस्तीनं देवादिकांची गाणी सोडली होती, तेच कारण असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "पूर्णा देव नाही बापू, पानी हाय." एका दुपारी आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. म्हातारी सुपात ज्वारी निवडत होती. मान वर न करता, कोणी न विचारता, ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली:

वरल्या झिऱ्याचं पानी, पूर्णे, तुहंच होतं ना
खालच्या झिऱ्यानं नेले माहे राघू-मैना

तुळशीरामची पेन्सिल चालू झाली तशी ती थांबली. "काऊन लिहून राह्यला रे? ते गानं नाही, नोको लिहू." त्यानं लिहिलं. मला वाटेपर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं सांगितलं ते मला ठाऊक असायला हवं होतं, कारण तेव्हा मीही सात वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली ती खालच्या झिऱ्यात. त्याचा धाकटा भाऊ आणि बहीण एका आठवड्यात गेली. त्याची आई घागर घेऊन वरच्या झिऱ्यावर आली होती, तिला परतवून लावलं होतं. कोणी, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. झिरा आमचा होता.

तालुक्याच्या गावी काही प्रतिष्ठित मंडळींनी पूर्णेच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. माझं अक्षर बरं, म्हणून पक्की वही मी तयार केली. समितीचे अध्यक्ष वयस्कर वकील होते, अतिशय गोड बोलणारे. म्हणाले, "गाणी उत्तम आहेत. ही एवढी ओवी काढा. नदी म्हणजे आई, तिच्या पुस्तकात हे कशाला? आता कायदाही झाला आहे." बाहेर आल्यावर मी तुळशीरामला समजावू लागलो, की एका ओवीनं काय बिघडते, बाकीच्या तर राहतीन. सायकलची घंटी चाचपत तो म्हणाला, "बापू, माय इतक्या वर्षानं बोलली. तिले काय सांगू मी? तुह्या लेकरायले समितीनं काढून टाकलं म्हनून?"

आपली वही घेऊन तो निघून गेला. पक्की वही माझ्याकडे होती. पंधरा दिवसांनी मी ती ओवी गाळून समितीला दिली. इतक्या बायकांची गाणी वाया जाऊ नयेत, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की आत माझं नाव छापून येणार होतं.

पुस्तक आलं. त्याचं नाव कुठंच नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात त्यानं उभ्यानंच सगळी पानं उलटली, एकही न सोडता. मग पुस्तक काखेत धरून म्हणाला, "छपाई चांगली झाली, देशमुख गुरुजी." लहानपणापासून मी त्याचा बापू होतो. त्या दिवसापासून "गुरुजी, तुमी हजेरी घेता काय?" एवढंच. कधी आवाज चढवला नाही, कधी टाळलंही नाही. वर्षभरानं त्यानं पिंपळगाव राजाला बदली मागून घेतली, आईला आणि बायकोला घेऊन गेला. मी भेटायला जाईन म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली.

त्या दिवशी स्टँडवरून मी खामगावला आणि तिथून तसाच पिंपळगावला गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिचं हे तिसरं लेकरू गेलं. मी पायाशी बसलो. तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि सुनेला म्हणाली, "शांते, पुस्तक आन." शांताबाईंनी पत्र्याच्या पेटीतून ते पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. कडा हाताळून काळ्या पडल्या होत्या.

"तुळशीराम दर आयतवारी मले माही ओवी वाचून दाखवे," म्हातारी म्हणाली. "आता कोन वाचीन? तुमी वाचा गुरुजी. तुमीच तर छापलं."

मी पुस्तक उघडलं. मधलं कुठलंसं पान, त्यावर माझ्या काकूची ओवी होती. पानाकडे पाहत मी म्हणालो, "वरल्या झिऱ्याचं पानी, पूर्णे, तुहंच होतं ना..." तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. संपल्यावर तिनं चाचपत बोट पानावर ठेवलं.

"इथं हाय ते?"

"हो माय. इथंच."

"राघू-मैना? दोघं बी?"

"दोघं बी."

तिनं बोट बराच वेळ उचललं नाही. शांताबाई चौथी शिकलेल्या. त्या माझ्या मागेच उभ्या होत्या आणि पान त्यांना दिसत होतं. मी मान वर करू शकलो नाही. निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, पदर सावरला आणि आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ते बी असंच वाचून दाखवत, गुरुजी."