दोन साडू आणि गुलाबी सॉस

सासूला टाळण्यासाठी जावई काय काय युक्त्या करतात, याच्या गोष्टी सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. ही गोष्ट मात्र अशा जावयाची आहे, ज्याने सासू घर सोडून जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं छत नासवलं.

त्यांना सगळे शेडकाका म्हणत. रंगाच्या दुकानात काउंटरमागे त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. दुकानात आता शेड जुळवायचं यंत्र आलं होतं, पण यंत्रातून निघालेला डबा गिऱ्हाईक आधी काकांपुढे धरी, आणि काका मान तिरकी करून म्हणत, "किंचित पिवळा सरकवतो." मग जुळे. लोक नमुना म्हणून काहीही आणत. कोटाचं बटण, फुटक्या कपाचा कान, जुन्या दाराची ढपली. एकाने तर कुत्रा आणला. त्याला त्या कुत्र्याच्या पाठीच्या रंगाचं फाटक हवं होतं. काकांनी कुत्र्याला दारातल्या उजेडात उभं केलं, दोनदा फिरवून पाहिलं आणि रंग तयार करून दिला. पुढे तो कुत्रा फाटकाला टेकून बसला की टपालवाल्याला दिसायचाच नाही आणि त्यातून बरंच रामायण झालं, पण तो शेडचा दोष नव्हे, उलट गौरव.

काकांचा नियम एकच. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. "आज हात मारा, उद्या बघा, मग बोला," हे वाक्य ते दिवसभर म्हणत. ते जिभेवर इतकं बसलं होतं, की बायकोने नवे कपडे घालून "कसे दिसतात?" विचारलं तरी ते "उद्या सांगतो" म्हणत, आणि मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नसे.

बोलायला सासूबाई होत्या, म्हणून बरं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर त्या धाकट्या लेकीकडे, म्हणजे काकांकडे, राहायला आल्या होत्या. जन्मभर ट्रंक कॉलवरच्या लोकांच्या गप्पा तीन मिनिटांनी मध्येच तोडायची सरकारी परवानगी असलेल्या बाई. समोरचा लांबण लावू लागला की त्या अजूनही म्हणत, "तीन मिनिटं झाली," आणि खरोखरच दुसरीकडे बघू लागत. रोज संध्याकाळी सासू-जावई बाल्कनीत खुर्च्या टाकून बसत आणि समोरच्या इमारतींना नावं ठेवत.

"त्या कोपऱ्यावरच्या इमारतीला नवा रंग लावताहेत, पाहिलंत का जावईबुवा?"

"पाहिलं. खोकल्याचं औषध आहे."

"खोकल्याच्या औषधाने निदान खोकला तरी जातो."

मग दोघं बराच वेळ समाधानाने हसत. काकांना आयुष्यात रंगावर बोलणारी माणसं खूप भेटली होती, रंगाला हसणारं हे एकच.

सासूबाईंना शौक एकच होता. चौकातल्या रेस्टॉरंटमधला गुलाबी सॉसचा पास्ता. हे रेस्टॉरंट म्हणजे एका मोठ्या साखळीतली कडी. गावोगावी त्याच खुर्च्या, तेच दिवे, आणि वेटरच्या चेहऱ्यावर तेच कंपनीने दिलेलं हसू. मेन्यूकार्डावर त्या सॉसचं नाव एवढं लांब होतं, की वेटरसुद्धा बोट ठेवून "हे ना?" एवढंच विचारी. शनिवारी रात्री दुकान बंद करून काका पार्सल घेऊन येत. सासूबाई तोवर झोपलेल्या असत. रविवारी दुपारी मात्र त्या नॅपकीन गळ्याशी खोचून बसत आणि जेवण होईपर्यंत घरात कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे.

आणि एके दिवशी चौकातली ती शाखा बंद झाली. तिथे चपलांचं दुकान आलं.

सासूबाईंनी दोन रविवार वरणभातावर काढले. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "थोरलीच्या इमारतीखाली त्यांची शाखा आहे म्हणे. विचार करतेय, तिच्याकडे जावं."

"जा की. किती दिवस?" काकांनी विचारलं.

"किती दिवस काय? राहायलाच."

काकांच्या हातातला चहा हातातच राहिला. समोरची खोकल्याच्या औषधाची इमारत अर्धीच रंगवून झाली होती. उरलेल्या अर्ध्या इमारतीला एकट्याने काय हसायचं?

थोरलीचा नवरा, म्हणजे काकांचे साडू, लिफ्ट तपासनीस होते. दिवसभर वर-खाली करणारा माणूस, पण गेल्या वर्षी सहलीने इटलीला जाऊन आल्यापासून ते फक्त वर होते. परत आल्यावर त्यांनी बोटांचा चिमटा करून बोलायला सुरुवात केली. कुणी पास्त्यात क्रीमचं नाव काढलं की ते डोळे मिटून घेत, जणू नात्यातलं कुणी गेलं. स्पॅगेटी मोडून पातेल्यात टाकल्याबद्दल त्यांनी सख्ख्या मेहुणीला जेवणाच्या टेबलावर सुनावलं होतं. बेत कळताच त्यांचा फोन आला. काकांच्या बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"आईंना खुशाल पाठवा. पण ती खालची गुलाबी खळ माझ्या घरात येणार नाही, आत्ताच सांगतो. तो सॉस नाहीच! टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण, तुळशीसारखी ती पानं आणि मीठ. संपलं. तिकडे एक म्हातारी मला म्हणाली..."

"तिला मराठी येत होतं का भावजी?" काकांच्या बायकोने विचारलं.

"भावना कळतात! आईंना एकदा खरं इटालियन खायला मिळालं की त्या कंपनीच्या सॉसकडे ढुंकूनही बघणार नाहीत."

"आणि त्या सॉससाठीच जायचं असेल, तर मीच घरी करून देतो की!" काका मध्येच बोलून गेले. बोलल्यावर त्यांना कळलं, की आपल्याला चहासुद्धा धड करता येत नाही.

"तुम्ही? कशात करणार, रंगाच्या डब्यात?" साडू हसले.

"तीन मिनिटं झाली," सासूबाई म्हणाल्या. "दोघंही ऐका. येत्या रविवारी इथे दोघांनी करा. ज्याचं मला आवडेल त्याच्याकडे मी राहीन. दोघांचंही फसलं, तर थोरलीकडे जाईन आणि रोज खाली उतरून खाईन. मला कोण अडवतंय ते बघते." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फोन बंद केला. जुनी सवय.

काकांनी काम हाती घेतलं ते त्यांच्याच पद्धतीने. शेवटच्या पार्सलमधला चमचाभर सॉस त्यांनी आठवण म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला होता. तो वितळवून पांढऱ्या कार्डावर फासला आणि कार्ड खिडकीत लावलं. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. प्रत्येक व्हिडिओतला माणूस शपथेवर सांगत होता, की कंपनीचं गुपित फक्त त्यालाच ठाऊक आहे. एकाचं गुपित केचप होतं, दुसऱ्याचं दुधाची पावडर, तिसऱ्याचं चीजची चकती, आणि एक बाई डोळे मिचकावून साखर घालत होत्या. काकांनी कुणालाच दुखावलं नाही. सगळं घातलं.

"अहो, ती काठी कसली?" बायको दारातून ओरडली.

"ढवळायची."

"रंगाची?"

"नवी कोरी आहे ग. हिने अजून एक डबासुद्धा पाहिलेला नाही."

काठीने गुठळ्या मोडेनात. तेव्हा काकांनी दुकानातून ड्रिल मशीन आणलं. त्याला रंग घुसळायची नवी दांडी जोडली, ती पातेल्यात सोडली आणि खटका दाबला. पुढचं वर्णन करायला पातेल्यात काही उरलं नव्हतं. छत, पंखा, फ्रिजचं दार, काकांचा चष्मा आणि काय झालं ते बघायला आलेल्या बायकोचं कपाळ, सगळीकडे सॉस समान वाटला गेला होता.

बायकोने कपाळ पुसलं आणि ते फडकं काकांच्या खांद्यावर टाकलं.

काका मात्र वर बघत होते. त्यांनी खिडकीतलं कार्ड काढलं, स्टुलावर चढून छताला लावलं आणि मान तिरकी केली.

"ऐकतेस का? शेड तंतोतंत जुळलीय!"

रविवारी दुपारी साडू स्वतःचं पातेलं, स्वतःचं मीठ आणि थोरलीला घेऊन आले. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्यांनी वर पाहिलं.

"हे काय?"

"नमुना," काका म्हणाले.

दोघं पाठीला पाठ लावून कामाला लागले. साडू टोमॅटो हाताने कुस्करत होते आणि प्रत्येक टोमॅटोला धीर देत होते. काका सॉसचे थेंब कार्डावर टाकून खिडकीशी पळत होते. "चव बघा एकदा," थोरली म्हणाली, तेव्हा काका दचकले. ती बघायची असते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

सासूबाईंनी नॅपकीन खोचला. आधी काकांचा घास घेतला. बराच वेळ चावला.

"रंग अगदी तोच," त्या म्हणाल्या. काकांची छाती फुगली. "पण चवींची भांडणं चाललीत. केचप ओरडतंय, साखर रडतेय. एकाच लाइनवर चार कॉल लागलेत."

काकांनी मान खाली घातली. मग साडूंची ताटली पुढे आली.

"हे कच्चं राहिलंय."

"आई, पास्ता तसाच असतो! दाताला लागला पाहिजे."

"माझे दात ग्लासात असतात."

"बरं, सॉस बघा. फक्त पाच जिन्नस!"

"तेच म्हणते. बाकीचे कुठे गेले?" सासूबाईंनी नॅपकीन घडी करून ठेवला. "ठरलं तर मग. उद्या दुपारी गाडी घेऊन या, थोरले जावई."

साडूंना जिंकल्याचा आनंद करावा की हरल्याचं दुःख, ते कळेना. सासू मिळाली होती, पण गुलाबी खळीसकट. काकांना मात्र काय वाटायचं ते नीट कळत होतं. संध्याकाळी बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या, आणि सासूबाई आत बॅग भरत होत्या.

सोमवारी दुपारी दुकानात एक बाई तणतणत आल्या. "हा माझा रंगच नव्हे! आत्ता भिंतीवर लावून पाहिला. साफ वेगळा!"

"बाई, ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका," काका यंत्रासारखं बोलू लागले. "आज हात मारा, उद्या बघा, मग..."

आणि ते थांबले. डबा हातात, तोंड उघडं.

सासूबाईंनी तो पास्ता ताजा कधी खाल्लाच नव्हता! शनिवारी रात्री पार्सल येई, रात्रभर फ्रिजमध्ये पडे, आणि रविवारी गरम होऊन त्यांच्यापुढे येई. सगळ्या गावाला वाळलेला नमुना बघायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या सासूला ओला सॉस दाखवला होता.

"मालक, मी जरा घरी जाऊन येतो!"

"आता? काय झालं?"

"सासूबाईंना सांगायचं राहिलं, की उद्या बघा."

"मग उद्या सांगा की!" मालक म्हणाले, पण काकांची स्कूटर सुरू झाली होती.

घरात शिरले तो दाराशी भरलेली बॅग उभी. आत टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या. गळ्याशी नॅपकीन. समोर त्या रेस्टॉरंटचा जुना प्लॅस्टिकचा डबा, आणि त्या तो चमच्याने खरवडत होत्या.

"या जावईबुवा. कुठल्या शाखेतून मागवलंत? हेच ते!"

काकांनी बायकोकडे पाहिलं. बायको गॅसपाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "कुठून मागवतील? कालचंच आहे. फ्रिजमध्ये दोन पातेल्यांना जागा कुठली? दोघांचं एकाच डब्यात ओतलं आणि आत्ता गरम केलं."

सासूबाईंनी डबा उजेडात धरून आत वाकून पाहिलं.

तेवढ्यात साडू गाडीची किल्ली फिरवत आले. सगळा प्रकार ऐकून त्यांनी डोळे मिटले. "माझ्या सॉसमध्ये... केचप?" मग एक डोळा उघडून त्यांनी डब्याच्या कोपऱ्यातला चमचाभर सॉस चाखला. पुन्हा चाखला. "मीठ माझं आहे," ते पुटपुटले.

"आई, आता कुणाकडे राहणार?" बायकोने विचारलं. "अर्धा सॉस यांचा, अर्धा भावजींचा."

सासूबाईंनी आधी वर, छताकडे पाहिलं.

"इथलं छत आधीच बिघडलंय. थोरलीचं कशाला बिघडवायचं?" मग जरा थांबून, बाल्कनीकडे न बघता म्हणाल्या, "शिवाय ती खोकल्याची इमारत अर्धी राहिलीय. थोरलीकडे असल्या गोष्टींना हसणारं कुणी नाही. थोरले जावई, तुम्ही दर रविवारी पातेलं घेऊन यायचं."

"पण आई, खऱ्या इटालियन पद्धतीत..."

"तीन मिनिटं झाली."

तेव्हापासून दर रविवारी दोघं साडू पाठीला पाठ लावून दोन सॉस करतात. ते एका डब्यात ओतले जातात, आणि सोमवार दुपारपर्यंत त्याला हात लावायची कुणालाही मुभा नाही. छत काकांनी पुन्हा पांढरं केलं नाही. आख्खं स्वयंपाकघरच त्याच गुलाबी रंगात रंगवलं. आपला रंग वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच.

अडचण एकच राहिली. रविवारभर शिजवून दोघं उपाशीच. एका रविवारी साडू काकांच्या कानाशी लागले, "माझ्या इमारतीखाली... जाऊन यायचं का? कुणाला कळता कामा नये."

दोघं त्या साखळीतल्या रेस्टॉरंटात कोपऱ्यातलं टेबल पकडून बसले. वेटरला मेन्यूवर बोट ठेवून दाखवलं. गुलाबी सॉसचा पास्ता आला, वाफाळता, ताजा. साडूंनी आजूबाजूला बघून घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साडूभाऊ, खरं सांगू? यात काहीच नाही हो."

काकांनी मान तिरकी केली, ताटली जरा दिव्याखाली सरकवली आणि वेटरला हाक मारली.

"हे डब्यात भरून द्या. उद्या बघू."